पिनियनचं नाक

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. कॉलेजच्या या अंकात लिहिणारे बाकीचे विद्यार्थी अठरा-एकोणीस वर्षांचे आहेत आणि त्यांना लिहिता येतं. मी एकोणतीस वर्षांचा आहे, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मला फक्त गाडीखाली झोपून काम करता येतं. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आईबाबा वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतात आणि बाजारात नेऊन विकतात. मी रोज संध्याकाळी वही घेऊन बसतो हे पाहून आईनं विचारलं, "कोनाले अर्ज करून राह्यला, गजू?" आमच्याकडे लिहिणं म्हणजे आजवर अर्जच. त्यामुळे तिचंही काही चुकलं नाही.

मी मराठीच्या मॅडमना सांगितलं की मला विषय नाही. त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं एका जागी काम केलंत ना? मग त्यातलं एकच काम सांगा, पण नीट सांगा." म्हणून हे धाडस.

जाम गावच्या चौकाजवळ, महामार्गाला लागून आमचं गॅरेज आहे. आमचं म्हणजे शेषराव मिस्त्रींचं. बारावी नापास झालो त्या वर्षी मी तिथं लागलो आणि अजून तिथंच आहे. सकाळी कॉलेज, दुपारपासून गॅरेज. मिस्त्रींची साठी उलटली आहे. ते इंजिनाला क्वचित हात लावतात. त्यांचं काम गाडीच्या खालचं: स्प्रिंगा, शॉकअप, आर्म, शाफ्ट. लोकांना मेकॅनिक म्हटलं की इंजिन आठवतं. पण गाडी चालते इंजिनावर आणि टिकते खालच्या सामानावर, असं मिस्त्रींचं मत आहे, आणि अकरा वर्षांत मला ते खोटं ठरवता आलेलं नाही.

या धंद्याची एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. आमचं चांगलं झालेलं काम आम्हाला कधी कळत नाही. काम बिघडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दारात उभं राहतं, चारचौघांत बोलतं. काम जमलं तर ते महामार्गानं निघून जातं ते जातंच. वर मिस्त्रींचा नियम असा, की दिलेल्या गाडीचं कसं काय चाललंय म्हणून आपण होऊन फोन करायचा नाही. "आपनच इचारलं तं गिऱ्हाईकाच्या मनात किडा सुटते," ते म्हणतात, "नाई तो आवाज त्याले ऐकू याले लागते." त्यामुळे मी मन लावून केलेल्या कितीतरी कामांचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही. त्यातलं एक काम मात्र मनातून जाईना. तेच इथं सांगतो.

पण आधी जीप उंच करण्याविषयी सांगायला हवं. हल्ली ती हौस फार आहे. लांब स्प्रिंगा घातल्या की गाडी दोन-तीन इंच वर उठते, रुबाबदार दिसते. समुद्रपूरकडचा एक तरुण स्वतःच्या लग्नासाठी जीप उंच करून घेऊन गेला. लग्नानंतर चौथ्या दिवशी परत आला. शालू नेसलेल्या नवरीला जीपमध्ये चढताच येईना; शेवटी मांडवातले दोन पाट एकावर एक ठेवून तिला चढवलं आणि त्याचाच व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरला. मिस्त्री त्याला अगदी गंभीरपणे म्हणाले, "गाडी खाली करू का नवरीले शिडी करून देऊ? शिडी लवकर होते." तो बिचारा विचार करू लागला.

गंमत सोडली तर उंच केलेल्या जीपचं दुखणं वेगळंच असतं. ते समजायला थोडं खाली वाकून पाहावं लागेल. जीपच्या पोटाशी गिअरबॉक्स असतो आणि मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी गोळा. त्या गोळ्यातून पुढं आलेलं तोंड म्हणजे पिनियन. मिस्त्री त्याला नाक म्हणतात. गिअरबॉक्स आणि हे नाक यांना एक लांब शाफ्ट जोडतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो, म्हणजे मनगटासारखा वळणारा सांधा. गाडी उंच झाली की गिअरबॉक्स वर जातो, नाक खालीच राहतं, शाफ्ट तिरपा होतो आणि नाकाची दिशाही फिरते. मग साठाच्या वेगाला गाडीतून घुंई असा आवाज येतो आणि बूड, दात, आरसा सगळं थरथरतं.

तिरपा सांधा फिरताना एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत जरा पळतो, जरा रेंगाळतो. हे मला कळायला बरेच दिवस लागले. मिस्त्रींनी ते एका वाक्यात सांगितलं होतं: "एक क्रॉस जेवढं खोटं बोलते, दुसऱ्यानं तेवढंच उलटं खोटं बोलाव लागते. तवा चाकाले खरं ऐकू येते." म्हणजे दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत. गिअरबॉक्सचं तोंड आणि पिनियनचं नाक एकमेकांशी समांतर हवं. नाकाची दिशा बदलायला आर्म असतात. हे लोखंडी दांडे मागच्या धुऱ्याला, म्हणजे चाकांच्या आसाला, गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवतात. दोन वर, दोन खाली. हेही मिस्त्रींनी माझंच डोकं धरून शिकवलं. माझ्या कपाळाला बोट लावून मागं ढकललं आणि विचारलं, "नाक कुठं गेलं?" वर गेलं होतं. मग हनुवटी मागं ढकलली. नाक खाली. "झालं. वरचा आर्म लांब केला का कपाळ मांगं जाते, नाक वर. कॉलेजात हे एवढ्यात सांगत नसतीन." खरंच सांगत नाहीत.

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. मे महिना होता. डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्याची जीप आमच्याकडे आली. सोबत वंदना सिस्टर होत्या, पन्नाशीच्या आसपासच्या, पांढरी साडी, हातात रुमाल. गाडीत डोळे तपासायचं मशीन लाकडी पेटीत बांधून ठेवलेलं. ही जीप गावोगाव शिबिरं घ्यायची. गिरडकडच्या टेकड्यांमधल्या तीन गावांना जाताना वाटेत एक रपटा, म्हणजे नाल्यावरचा बसका पूल, लागतो, आणि पावसाळ्यात त्यावर इतके दगड वाहून येतात की साधी जीप पोटावर बसते. म्हणून कुणा देणगीदारानं मोठ्या शहरातल्या दुकानातून जीप उंच करून दिली होती.

"उंच झाली तवापासून हे असं," सिस्टर म्हणाल्या. "इथपर्यंत येईतो दात वाजले माझे. मशीनच्या काचा हलतात, शिबिरात गेल्यावर तास जातो ते जुळवण्यात. पहिले मी गाडीत झोपून घेत होती. आता डोळा लागत नाई."

मिस्त्रींनी विचारलं, "मंग पयल्यासारखी खाली काऊन नाई करत?"

"डॉक्टर तेच म्हणतात. या आठवड्यात आवाज गेला नाई तर गाडी खाली करायची आणि ती तीन गावं सोडायची. तिथल्या लोकांनी रस्त्यावर यावं म्हणतात." त्यांनी रुमालाची घडी घातली. "भाऊ, ज्याले दिसतच नाई तो रपटा ओलांडून रस्त्यावर कसा येईन?"

मिस्त्रींनी चप्पल काढली आणि गाडीत, सिस्टरच्याच जागेवर जाऊन बसले. ड्रायव्हरला म्हणाले, "चाल, हिंगनघाटकडं घे." गाडी परत आली तेव्हा त्यांचा डावा तळहात थरथर जोखत अजून सीटवरच टेकलेला होता. मला म्हणाले, "मागचा क्रॉस नाई, नाक हाय. तू कर."

गाडीखाली उभं राहून काम करायला गॅरेजात एक खड्डा आहे, त्यावर गाडी घेतली. त्या दुकानानं लांबी कमीजास्त करता येणारे आर्म बसवलेले होते, पण जसे डब्यातून निघाले तसेच. मला फार आनंद झाला. आता फक्त लांबीच ठरवायची होती. मी फोनवर अशा कामाचे बरेच व्हिडिओ पाहिले होते. त्यात एक परदेशी मेकॅनिक पिनियनचं नाक थेट शाफ्टच्या रेषेत आणतो. दिसायलाही ते पटतं. सरळ ते चांगलं. मी वरचे आर्म लांब केले, नाक शाफ्टच्या रेषेत आणलं. मिस्त्री वर स्टुलावर बसून चहा पीत होते. बघत होते.

महामार्गावर नेलं. पन्नासालाच आरसा असा थरथरायला लागला की त्यात मागच्या एका ट्रकचे दोन दिसत होते. सिस्टर मागं बसल्या होत्या. त्यांनी रुमाल तोंडाला लावला. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

परत आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, "त्या व्हिडिओतल्या शाफ्टले गिअरबॉक्सकडं किती क्रॉस होते?"

मी फोन काढून पाहिलं. दोन होते. जोडसांधा. तसला शाफ्ट असेल तर गिअरबॉक्सकडचे दोघं आपसात हिशेब मिटवतात, मग नाक सरळ चालतं. आमच्या जीपला दोन्ही टोकांना एकेकच होता. मी मागच्याला पूर्ण खरं बोलायला लावलं होतं, आणि पुढचा एकटाच खोटं बोलत सुटला होता.

"पाह्यलं, पन मोजलं नाई," मिस्त्री म्हणाले. यापेक्षा जास्त ते मला कधी रागावले नाहीत.

मग त्यांनी आपली पत्र्याची पेटी उघडली. त्यात त्यांच्या मुलीच्या कंपासपेटीतला प्लास्टिकचा कोनमापक आहे. ती मुलगी आता स्वतः शाळेत शिकवते. कोनमापकाच्या मध्यात भोक, भोकात दोरा, दोऱ्याला एक छोटा नट लोंबता. सपाट बाजू पिनियनच्या तोंडावर टेकवायची, दोरा स्थिर होऊ द्यायचा, वाचायचं. मग तीच बाजू गिअरबॉक्सच्या तोंडावर. नववीत मी समांतर रेषा शिकलो होतो. त्या कशासाठी असतात हे मला त्या दिवशी खड्ड्यात उभं राहून कळलं. हे लिहिताना थोडं बावळटपणाचं वाटतं, पण आहे ते असं आहे.

मी दोन्ही कोन जुळवले आणि वर पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "कोनाची जुळवली? रिकामीची. ही गाडी रिकामी कधी चालते?"

भरलेली गाडी स्प्रिंगांवर खाली बसते, आर्म हलतात, नाक पुन्हा फिरतं. म्हणजे भरूनच मोजायला हवं होतं. सिस्टरना विचारलं: ड्रायव्हर, डॉक्टर, त्या स्वतः, दोन मदतनीस, मशीन आणि औषधांची खोकी. मशीन तर आम्ही जपून बाजूला ठेवलेलं. मिस्त्री चौकात गेले आणि माणसं घेऊन आले. चहावाले रामाभाऊ, टरबूज विकणाऱ्या दोघी बायका, आणि बसची वाट पाहत उभे असलेले बँकेतले एक साहेब. मशीन आणि खोक्यांच्या जागी टरबुजं. ड्रायव्हर त्याच्या जागेवर.

त्या बायांपैकी थोरली म्हणाली, "भाऊ, आमाले कुठं घेऊन चालले बाप्पा?"

"कुठंच नाई, मावशी. फक्त बसाचं."

"फुकट बसाले गाडी? असं तं जलमात नाई झालं."

साहेब पुढच्या सीटवर फाईल मांडीवर घेऊन बसले. दहा मिनिटांनी ते अस्वस्थ झाले. "मिस्त्री, माझी बस येऊन राहिली."

खड्ड्यातून मिस्त्रींचा आवाज आला, "साहेब, हलू नोका. तुमी डॉक्टर हाय."

"अन् मी कोन व्हय?" रामाभाऊंनी विचारलं.

"तू सिस्टर. गुपचूप बस."

वंदना सिस्टर पहिल्यांदा हसल्या. टरबूजवाल्या बायका तर इतक्या हसल्या की गाडी हलली, दोऱ्याचा नट डोलायला लागला, आणि मिस्त्री खालून ओरडले, "हसू नोका वो! नाक हलते!"

मी पाना फिरवत होतो. वरच्या आर्मच्या मधल्या तुकड्याला दोन्हीकडून आटे असतात. फिरवला की आर्म लांब किंवा आखूड होतो. डावा जेवढा, उजवाही तेवढाच फिरवायचा, नाही तर मागचा धुरा वाकडा बसतो. शेवटी रिकाम्या गाडीच्या मापापेक्षा अर्ध्या आट्याचा फरक निघाला. भरलेल्या गाडीत कोन अगदी जुळले. मी आर्मची लांबी जागेवर धरणारे चेकनट घट्ट केले आणि आमच्या पद्धतीप्रमाणे नटावरून आर्मवर नेलपेंटची एक रेघ ओढली. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. मिस्त्रींची रेघ लाल, माझी गुलाबी. या गुलाबी रंगावरून मला चौकात बरंच ऐकावं लागलं आहे, पण बाटली मिस्त्रींच्या घरून येते, त्यात माझी निवड नाही.

माणसं उतरली, साहेबांना बस मिळाली, आणि आम्ही गाडी पुन्हा महामार्गावर काढली. या वेळी ती रिकामी होती. थरथर गेली होती. पण साठाच्या पुढं एक बारीक गुणगुण शिल्लक होती. मला ऐकू आली, सिस्टरनाही आली. त्यांच्या कपाळावर आठी दिसली.

मी मिस्त्रींना बाजूला घेऊन म्हटलं, "अर्धा आटा वापस घेऊ का? आत्ता आवाज जाईन, त्याहीचं समाधान होईन."

"आत्ता जाईन. अन् गिरडच्या रस्त्यानं?"

"तवा थोडा येईन."

"तं तू ठरव. रेघ तुही हाय."

इतक्या वर्षांत त्यांनी असं पहिल्यांदाच म्हटलं होतं. मी खड्ड्याच्या काठावर उभा राहिलो. समोर सिस्टर होत्या, त्यांना दोन दिवसांनी डॉक्टरांसमोर उभं राहायचं होतं. अर्धा आटा मागं घेतला तर त्या हसत गेल्या असत्या. नाही घेतला तर कपाळावर आठी घेऊन. मी खूप वेळ घेतला. मग म्हटलं, "राहू द्या. भरलेलीच खरी."

मिस्त्रींनी मान हलवली नाही की शाबासकी दिली नाही. सिस्टरजवळ गेले आणि म्हणाले, "बाई, आज थोडी गुणगुण राहीन. माणसं अन् मशीन भरून गिरडकडं जाजा. वाटेत तुमाले झोप लागली तं समजा काम झालं. नाई लागली तं वापस या, याले पुन्हा खड्ड्यात उतरवतो."

गाडी गेली. परत आली नाही.

दुसऱ्या कुणाला यात समाधान वाटलं असतं. मला वाटेना. परत आली नाही म्हणजे काम जमलं, की वैतागून दुसरीकडं नेली? की डॉक्टरांनी ती गुणगुण ऐकली आणि गाडी खाली करून टाकली? पावसाळा आला, रपट्यावर पाणी आलं असेल, दगड आले असतील. दवाखान्याचा नंबर आमच्या वहीत होता. दोनदा मी फोन हातात घेतला. मिस्त्रींनी दोन्ही वेळा पाहिलं आणि दोन्ही वेळा मी ठेवून दिला.

त्याच मे महिन्यात माझा बारावीचा निकाल लागला, दुसऱ्यांदा बसलो होतो त्याचा. पास झालो. कॉलेजात जावं की नाही, या वयात शोभेल का, याचा मी घोळ घालत होतो. मिस्त्री म्हणाले, "जा. इथं मी तुले मोजाले शिकवलं. का मोजाचं थे तिकडं शिकवत असतीन." मी अजून ते शोधतोच आहे. पण त्यांनी मला कोनमापक नेऊ दिला नाही. "नवा घे, दहा रुपयाले भेटते," म्हणाले. त्या कोनमापकावरचे आकडे आता पुसट झाले आहेत. मिस्त्रींना ते तरीही वाचता येतात. मला वाटतं, ते वाचत नाहीतच, त्यांच्या तळहाताला आधीच माहीत असतं आणि दोरा फक्त साक्षीला असतो. असा माणूस कुठल्या पुस्तकात येत नाही याचं मला वाईट वाटतं, म्हणूनही हे लिहिलं.

इथवर लिहून लेख संपवला होता. मॅडमनी तो मागच्या आठवड्यात वर्गात वाचायला लावला. पहिल्या वर्षाची मुलंही बसली होती. मी खाली मान घालून वाचलं. तास संपल्यावर प्रणाली नावाची पहिल्या वर्षाची मुलगी माझ्या बाकाजवळ आली. ती इथल्या वसतिगृहात राहते, एवढंच मला माहीत होतं.

"दादा, तो रपटा आमच्या गावचा हाय."

मी विचारलं, "जीप येते तिकडं?"

"येते ना. माह्या बाबाचं तिच्यातच तपासलं. मंग ऑपरेशन झालं. आता कापसातली बोंडअळी मले दाखवतात, मलेच दिसत नाई."

"उंच जीप? का बसकी?"

"उंच. चढाले त्रास होते म्हाताऱ्याईले. स्टूल ठेवतात."

"भरून येते?"

"हो, डॉक्टर, पेट्या, सगळं."

मला आवाजाचं विचारायचं होतं, पण कसं विचारू कळेना. एखाद्या मुलीला गाडीच्या गुणगुणीचं काय विचारायचं? मी म्हटलं, "त्यात एक सिस्टर असतात. पांढरी साडी. पन्नाशीच्या."

प्रणाली हसायला लागली. "त्या बाई? मागच्या पावसात गाडी आमच्याच अंगनात लागली. डॉक्टर उतरले, पेट्या उतरवल्या, तरी त्या आतच. मले वाटलं बरं नाई का काय. बाबानं काचेवर ठोकलं तवा उठल्या."

"झोपल्या होत्या?"

"तोंड उघडं टाकून, दादा. दोनदा आली गाडी, दोन्ही डाव झोपूनच आल्या."